पेट्यांतून गिरणी आली, कायदा आला नाही

मंडळी, आज बोलायचं आहे ते मुंबईतल्या कापड गिरण्यांच्या पहिल्या साठेक वर्षांबद्दल. पण या गोष्टीची सुरुवात मुंबईत होत नाही. ती होते १८४३ साली, लंडनच्या पार्लमेंटात. त्या साली कापड धंद्यातली यंत्रं परदेशी विकण्यावरची बंदी उठली. त्याआधी सूत कातायची यंत्रं, त्यांचे सुटे भाग, इतकंच काय त्यांचे नकाशेसुद्धा इंग्लंडबाहेर नेणं गुन्हा होता. कुशल कारागिराने परदेशात जाऊन नोकरी धरायलाही १८२४ पर्यंत मनाई होती.

बंदी उठल्यावर अकरा वर्षांनी, १८५४ मध्ये, कावसजी नानाभाई दावर या पारशी व्यापाऱ्याने मुंबईत बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी काढली. ताडदेवला गिरणी उभी राहिली आणि १८५६ मध्ये तिच्यातून सूत निघू लागलं. यंत्रं ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची, म्हणजे लँकेशायर या इंग्लंडमधल्या कापड गिरण्यांच्या मुलखातली. तेव्हा सुएझचा कालवा नव्हता. त्यामुळे हे सगळं अवजड सामान लाकडी पेट्यांत भरून, आफ्रिकेला वळसा घालून, जहाजाने आलं. जोडणीला माणसंही लँकेशायरचीच आली.

त्या पेट्यांत काय होतं? इंग्लंडने शंभर वर्षं घालवून जे मिळवलं होतं ते सगळं एकदम होतं. १७३३ मध्ये जॉन केने उडता धोटा काढला, धोटा म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारा तुकडा. एकटा विणकर रुंद कापड विणू लागला, वेगही वाढला, आणि लगेच सुताचा तुटवडा पडला, कारण कातणं अजून चरख्यावरच चाललं होतं. ती ओढ तीस वर्षं राहिली. मग १७६४च्या सुमारास जेम्स हारग्रीव्हजची स्पिनिंग जेनी आली, एका चाकावर अनेक चात्या, म्हणजे सूत पिळून गुंडाळणाऱ्या काड्या, फिरवणारी. १७६९ मध्ये आर्कराइटने पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या कातणयंत्राचं पेटंट घेतलं आणि १७७१ मध्ये डर्बीशायरमधल्या क्रॉमफर्डला गिरणी सुरू केली. १७७९ मध्ये क्रॉम्प्टनचं म्यूल नावाचं कातणयंत्र. आता सूत इतकं निघू लागलं की विणकर कमी पडू लागले, तेव्हा १७८५ मध्ये कार्टराइटने यांत्रिक मागाचं पेटंट घेतलं. जेम्स वॅटचं वाफेचं इंजिन चाक फिरवू लागल्यावर गिरणी नदीकाठ सोडून शहरात आली. एका शोधाने दुसऱ्या ठिकाणी टंचाई निर्माण करायची आणि तिथे पुढचा शोध लागायचा, असा तो सिलसिला होता.

पण या प्रत्येक पायरीवर माणसं भांडली होती, आणि ते आपण सहसा शाळेत शिकत नाही. १७६८ मध्ये ब्लॅकबर्नजवळ लोकांनी हारग्रीव्हजच्या घरात शिरून त्याच्या जेन्या मोडल्या. त्याला गाव सोडून नॉटिंगहॅमला जावं लागलं. १८११ पासून लुडाइट म्हणवणाऱ्या कारागिरांनी विणकामाच्या चौकटी फोडायला सुरुवात केली. त्यांना अडाणी, प्रगतीचे वैरी ठरवण्याची पद्धत पडून गेली आहे. ती मला अतिशय अन्यायाची वाटते. ही माणसं यंत्रावरच काम करणारी होती. यंत्र कसं चालतं हे त्यांना कुठल्याही मालकापेक्षा जास्त कळत होतं. त्यांचा राग होता तो निकृष्ट माल काढून मजुरी पाडणाऱ्यांवर, आणि त्यांना दाद मागायला जागा नव्हती, कारण कामगारांच्या संघटनांवर तेव्हा कायद्याने बंदी होती. १८१२ मध्ये यंत्र फोडणाऱ्याला फाशी देण्याचा कायदा झाला. त्याच्या विरोधात कवी बायरनने लॉर्ड्सच्या सभागृहात आपलं पहिलं भाषण केलं. तरी कायदा झालाच, आणि १८१३ च्या जानेवारीत यॉर्कला सतरा जणांना फासावर चढवलं.

हे सगळं सांगतोय त्याला कारण आहे. त्या भांडणातून, त्या रक्तातून, इंग्लंडमध्ये हळूहळू काही कायदे झाले. १८३३ मध्ये नऊ वर्षांखालच्या मुलांना कापड गिरणीत कामाला बंदी आली, आणि कायदा पाळला जातो की नाही हे बघायला सरकारी निरीक्षक नेमले गेले. १८४७ मध्ये बायका आणि अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी दहा तासांचा दिवस ठरला. म्हणजे ताडदेवला गिरणी उभी राहत होती तेव्हा, ज्या ओल्डहॅममधून यंत्रं आली तिथे त्याच यंत्रावर काम करणाऱ्या बाईचा दिवस कायद्याने आखलेला होता. मुंबईत पेट्या फुटल्या त्यांतून चात्या निघाल्या, बॉयलर निघाले, दांडे-पट्टे निघाले. निरीक्षक निघाला नाही. दहा तासांचा दिवस निघाला नाही. मुंबईत कारखान्याचा पहिला कायदा व्हायला १८८१ साल उजाडलं, आणि तोही मुख्यतः मुलांपुरता.

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. यंत्र काय करू शकतं हे ते घडवणारा ठरवतो. पण त्याच्यापुढे कोण उभं राहणार, किती तास उभं राहणार, हात तुटला तर त्याचं काय होणार, हे यंत्रात कुठेच लिहिलेलं नसतं. ते त्या त्या ठिकाणची माणसं ठरवतात, आणि बहुतेक वेळा भांडून ठरवतात. मुंबईच्या गिरण्यांत हे फार स्पष्ट दिसतं.

आधी माणसं आली कुठून ते बघू. १८६५ च्या सुमारास मुंबईत जेमतेम दहा गिरण्या होत्या. १९०० पर्यंत त्या ऐंशीच्या घरात गेल्या आणि कामगार सत्तर हजारांच्या वर. १९११ च्या जनगणनेत मुंबईतल्या दर पाच माणसांपैकी चार बाहेर जन्मलेली निघाली. सगळ्यात जास्त रत्नागिरी जिल्ह्यातली, मग सातारा, पुणे, नगरकडची. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि घाटावरचा माणूस मुंबईला जोडला गेला. कोकणातून आगबोटी होत्या. कोकणात जमिनीचे तुकडे लहान, वर खोताचा वाटा, आणि पाऊस संपला की हाताला काम नाही. घरातला एक पुरुष मुंबईला गेला की सारा भरायला रोख पैसा मिळायचा.

इथे मला थोडं थांबायचं आहे. गिरणीचा इतिहास लिहिताना आपण गिरणीच्या आत बघतो, आणि ही गोष्ट निसटते. मुंबईतला पगार एका माणसाचं कसंबसं भागवणारा होता. बायको, मुलं, म्हातारे आईवडील गावीच राहायचे. भात लावायचं कुणी? बाईने. गुरं, कवळं तोडणं, भाजावळ, खोताकडची वेठ, आजारी सासू, सगळं बाईने. कामगार आजारी पडला, संप झाला, गिरणी बंद पडली, म्हातारपण आलं, की तो गावी जायचा, आणि त्याला जेवू घालणारं शेत त्या बाईने राखलेलं असायचं. मालकाला आजारपणाचा, म्हातारपणाचा, बेकारीचा खर्च करावा लागला नाही, कारण तो खर्च रत्नागिरीतल्या बायका करत होत्या. त्या जिल्ह्याच्या जनगणनेत पुरुषांपेक्षा बायका जास्त दिसतात त्याचं कारण हेच. मुंबईच्या उद्योगाच्या भांडवलात या बायकांचे कष्ट धरायला हवेत, आणि ते कुठल्याही ताळेबंदात नाहीत.

१८८० मध्ये पोस्टाने मनीऑर्डर सुरू केली. शोध म्हटलं की आपल्याला चाकं आणि वाफ आठवते, पण गिरणगाव आणि कोकण यांना जोडून ठेवण्यात या साध्या कागदाचा वाटा मोठा होता. त्याआधी पैसा गाववाल्याच्या हाती, कुणी निघालं की, असा जायचा.

मुंबईत उतरलेला माणूस थेट गिरणीत शिरू शकत नव्हता. दारावर जॉबर. भरती त्याच्या हातात, खाडा झाला तर बदली कुणाला द्यायची ते त्याच्या हातात, काढून टाकणंही त्याच्याच हातात. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करायची. जॉबर आपल्या गावच्या, आपल्या जातीच्या माणसांना घ्यायचा, खोली बघून द्यायचा, उसने पैसे द्यायचा, आणि त्याबद्दल दस्तुरी घ्यायचा. हे पद किती वाईट होतं यावर बरंच लिहिलं गेलं आहे आणि ते खरंही आहे. पण नव्या शहरात अनोळखी माणसाला ओळख देणारंही तेच होतं. संपाच्या वेळी कामगारांना बाहेर काढणारे पुष्कळदा जॉबरच असत, हे विसरता येत नाही.

आता दिवसाबद्दल बोलू, कारण सगळ्यात मोठं भांडण दिवसाचं होतं. सुरुवातीच्या गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते. काम सुरू व्हायचं उजाडलं की आणि थांबायचं दिसेनासं झालं की. त्यामुळे गिरणीचा दिवस पंचांगाप्रमाणे लांबायचा आणि आखडायचा, उन्हाळ्यात तेरा तासांपर्यंत, हिवाळ्यात अकराच्या आसपास. कामगाराच्या घरी घड्याळ नव्हतं. उशीर झाला तर दंड किंवा दिवस बुडाला, म्हणून माणसं अंधारात निघून दारापाशी येऊन बसायची. दुपारी थांबण्याची ठरलेली वेळ नव्हती. यंत्र चालूच, शेजारच्याला लक्ष ठेवायला सांगून पटकन चार घास खाऊन यायचं. रविवारची सुट्टी नव्हती. गिरणी थांबायची ती मोठ्या सणाला, नाहीतर यंत्र साफ करायला, आणि साफ करायला थांबली की साफ करणारेही तेच.

आत हवा कशी होती? सूत कोरड्या हवेत तुटतं. त्याला दमटपणा लागतो. म्हणून खिडक्या बंद, वर वाफ सोडलेली, आणि हवेत कापसाचा तूस. मे महिन्यातली मुंबई, त्यात हे. यंत्राला जे मानवतं ते माणसाच्या छातीला मानवत नाही. त्यात कुणाला झुकतं माप मिळालं ते उघड आहे.

१८७० नंतर या परिस्थितीवर कायद्याची मागणी सुरू झाली आणि तिथे फार अवघड गुंता तयार झाला. मागणी करणाऱ्यांत सगळ्यात पुढे कोण, तर लँकेशायरचे गिरणीमालक. त्यांना मुंबईचा कामगार कधी दिसलाही नव्हता. त्यांना मुंबईचं सूत महाग व्हायला हवं होतं. तेव्हा इथल्या राष्ट्रीय विचारांच्या बहुतेक वृत्तपत्रांनी आणि पुढाऱ्यांनी ठरवून टाकलं की कारखान्याचा कायदा म्हणजे देशी उद्योगाचा गळा घोटण्याचा डाव. डाव होता यात शंका नाही. पण सात वर्षांचं पोर बारा तास चात्यांखाली वाकत होतं हेही तितकंच खरं होतं. एका बाजूच्या स्वार्थामुळे दुसऱ्या बाजूचं दुःख खोटं ठरत नाही. हे त्या काळात मोकळेपणाने म्हणणारी माणसं थोडी होती. सोराबजी शापुरजी बंगाली हे त्यांतले एक. स्वतः धनिक पारशी समाजातले, आणि त्याच वर्तुळातल्या मालकांचा रोष पत्करून त्यांनी कायद्याचा पाठपुरावा केला.

१८८१ चा कायदा झाला तो असा: सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घ्यायचं नाही, सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांपेक्षा जास्त नाही, त्यांना महिन्याला चार सुट्ट्या. धोकादायक यंत्रांभोवती कठडे घालायचे. आणि हे लागू फक्त शंभर किंवा जास्त माणसांच्या कारखान्यांना. मोठ्या माणसांसाठी, बायकांसाठी, एक अक्षर नाही. आणि जन्मदाखला कुणाकडे होता? मुलाचं वय जॉबर सांगेल ते.

दुसरा माणूस नारायण मेघाजी लोखंडे. आज त्यांचं नाव बरेच लोक घेतात आणि ती चांगलीच गोष्ट आहे. ते जन्मले १८४८ मध्ये. सत्यशोधक, जोतीराव फुल्यांच्या सहवासातले. मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर होते, म्हणजे गिरणी त्यांनी आतून पाहिलेली होती. १८८० मध्ये ते 'दीनबंधु' पत्राच्या कामाला लागले. १८८४ च्या सप्टेंबरात परळला त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांचं निवेदन तयार झालं.

त्या निवेदनातल्या मागण्या जरा सावकाश ऐका. आठवड्यातून रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि कायमचा जायबंदी झाला तर त्याची काही सोय व्हावी.

पगारवाढीची मागणी यात नाही. पाचही मागण्या उलट्या वाचा, म्हणजे तेव्हा काय चाललं होतं ते दिसेल. पगार पंधरा तारखेच्या आत हवा, याचा अर्थ तो त्याच्याही नंतर मिळत होता. जानेवारीत राबलेल्या माणसाने फेब्रुवारी उधारीवर काढायचा, वाण्याकडून, खाणावळवालीकडून, पठाणाकडून. त्या उधारीचं व्याज कामगाराने भरायचं, आणि त्याचा अडकलेला पगार मालकाच्या धंद्यात बिनव्याजी फिरायचा. हे बारीक दिसणारं कलम म्हणजे त्या काळच्या गिरणीच्या अर्थकारणाची नाडी आहे. आणि सूर्यास्ताला थांबावं ही मागणी दिव्याशिवायच्या काळात का करावी लागली? सूर्य बुडाला तरी संधिप्रकाशात, डोळे ताणून काम चालू ठेवलं जात होतं म्हणून.

निवेदन गेलं आणि पडून राहिलं. लोखंडे थांबले नाहीत. २४ एप्रिल १८९० ला मुंबईत कामगारांची प्रचंड सभा झाली, दहा हजारांच्या आसपास माणसं. त्या सभेत दोन स्त्री कामगारांनी उभं राहून भाषणं केली. १८९० साली! मुंबईतल्या सुशिक्षित घरांतल्या किती बायका तेव्हा दहा हजार पुरुषांसमोर बोलल्या असतील? स्त्रियांच्या सार्वजनिक जीवनाचा इतिहास सांगताना आपण शाळा, परिषदा, मासिकं यांबद्दल बोलतो. कातकामाच्या आणि रिळांच्या खात्यातून येऊन भर सभेत आपलं गाऱ्हाणं मांडणाऱ्या या दोघी त्या इतिहासात अगदी पुढच्या ओळीत बसायला हव्यात.

१० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. रविवारच का, याबद्दल असं सांगितलं जातं की लोखंड्यांनी खंडोबाचा वार म्हणून रविवार धरला. साहेबाचा चर्चचा दिवस आणि आपल्या कुळदैवताचा दिवस एकच आला, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पुढच्या वर्षी, १८९१ मध्ये, कायदा सुधारला गेला. मुलांचं किमान वय नऊ झालं, नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांना सात तास, बायकांना अकरा तास, आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाचा थांबा. पुरुषांच्या तासांना मात्र अजूनही मर्यादा नव्हती.

या सगळ्या काळात यंत्रही बदलत होतं. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी नागपूरला एम्प्रेस मिल सुरू केली आणि १८८० च्या दशकात तिथे रिंग स्पिंडल बसवले. म्यूलमध्ये गाडा पुढे जातो, सूत ओढून पिळतो, मग मागे येऊन गुंडाळतो. ओढणं-पिळणं एकदा, गुंडाळणं एकदा. रिंगमध्ये चातीभोवती एक गोल कडं असतं आणि त्या कड्यावर नखाएवढी तारेची कडी गरगर फिरते. तिच्यातून धागा जातो, पीळ पडतो आणि त्याच क्षणी बॉबिनवर चढतोही. काम अखंड. म्यूल चालवायला वर्षानुवर्षं शिकलेला, अंगात जोर असलेला पुरुष लागायचा आणि लँकेशायरमध्ये अशा पुरुषांच्या संघटना भक्कम होत्या. रिंगवर तुटलेला धागा जोडायचा आणि भरलेली बॉबिन काढायची, ते थोड्या दिवसांत शिकता यायचं. लँकेशायरला रिंग फारशी रुचली नाही. मुंबई-नागपुरात ती भराभर पसरली, कारण इथे जाडं सूत हवं होतं आणि नवखी माणसं भरपूर होती. एकच यंत्र, आणि ते कुठे स्वीकारलं गेलं हे तिथल्या कामगाराच्या ताकदीवर अवलंबून राहिलं.

ती ताकद मुंबईच्या कामगाराला एकदाच, आणि फार भयंकर रीतीने मिळाली. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला. पुढच्या काही महिन्यांत जवळजवळ निम्मं शहर पळालं. गिरण्या ओस पडल्या. आणि मग कधी न घडलेलं घडलं. गिरण्यांची माणसं सकाळी रस्त्याच्या कोपऱ्यांवर उभी राहून कामगारांसाठी बोली लावू लागली, त्या गिरणीपेक्षा आम्ही दोन आणे जास्त देऊ म्हणून. महिनोन् महिने अडकवून ठेवला जाणारा पगार रोजच्या रोज मिळू लागला. पंधरा तारखेच्या आत पगार देणं अशक्य आहे असं म्हणणाऱ्यांना संध्याकाळी रोख पैसे मोजणं शक्य झालं. प्लेग ओसरला तशी ती पद्धतही गेली. लोखंडे हे बघायला राहिले नाहीत. प्लेगच्या रुग्णांसाठी धावपळ करता करता त्यांनाच लागण झाली आणि ९ फेब्रुवारी १८९७ ला ते गेले. वय पन्नाशीच्या आत.

त्यानंतर आला विजेचा दिवा. घरात, रस्त्यावर आपण त्याचं स्वागत करतो. गिरणीत त्याने सूर्यास्ताची वेस काढून टाकली. १९०५ च्या सुमारास कापडाला मागणी होती, स्वदेशीची लाट आली होती, आणि दिवे लागलेल्या गिरण्यांनी दिवस चौदा-पंधरा तासांवर नेला. कामगारांनी विरोध केला, संप केले, दगडफेकही झाली. लोखंड्यांची सूर्यास्ताची मागणी एकवीस वर्षांनी पुन्हा त्याच शहरात, रस्त्यावर मांडावी लागली. चौकशी समित्या बसल्या आणि १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतल्या प्रौढ पुरुषाच्या दिवसाला पहिल्यांदा मर्यादा आली: बारा तास. ताडदेवच्या गिरणीतून पहिलं सूत निघाल्याला तोवर पंचावन्न वर्षं झाली होती.

शेवटी मला साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, न्यायचं आहे, कारण यंत्र आणि समाज एकमेकांत कसे गुंततात ते तिथे हाताच्या अंतरावरून दिसतं. मागावर धोटा इकडून तिकडे धावतो. त्याच्या पोटात आडव्या सुताची कांडी असते. कांडी काही मिनिटांत संपते. साचेवाला माग थांबवतो, रिकामी कांडी काढतो, भरलेली बसवतो. आता नव्या कांडीचं टोक धोट्याच्या बाजूच्या बारीक छिद्रातून बाहेर काढायचं. सगळ्यात झटपट मार्ग म्हणजे धोटा तोंडाशी न्यायचा आणि छिद्राला ओठ लावून श्वास आत ओढायचा. धागा सर्रकन येतो. त्याबरोबर तूस, खळ आणि आधीच्या माणसाची थुंकीही येते. दोन मागांवर मिळून दिवसात शेकडो वेळा.

लँकेशायरच्या बायकाही हेच करत होत्या, आणि तिथे या सवयीकडे रोग पसरण्याचा प्रश्न म्हणून बघितलं गेलं. मुंबईत त्याच ओठांच्या स्पर्शाचा विटाळ झाला. एका धोट्याला अनेकांचं तोंड लागतं, तेव्हा अस्पृश्य मानलेल्या माणसाने त्याला तोंड लावता कामा नये, असं म्हणून महार आणि इतर दलित कामगारांना साचाखात्याबाहेर ठेवलं गेलं. कातकामात, रिंगवर, ते चालायचे. पण जास्त पगार विणकामात होता. म्हणजे गिरणीतल्या चांगल्या मजुरीचं दार जातीने अडवलेलं, आणि अडवणारे बहुतेक वेळा शेजारी उभे राहणारे कामगारच. आपल्या चळवळीच्या इतिहासातला हा भाग आवाज चढवून सांगायला हवा असं मला वाटतं, कारण तो खालच्या आवाजात सांगण्याची सवय आपल्याला लागली आहे.

तोंड न लावता धागा ओवता येईल असे धोटे तेव्हा नव्हते का? होते. अमेरिकेत १८९० च्या दशकात ड्रेपर कंपनीने बाजारात आणलेल्या नॉर्थ्रॉप मागात धागा आपोआप ओवला जायचा. १९११ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने तोंडाने धागा ओढण्यावर कायद्याने बंदी घातली, आरोग्यासाठी. म्हणजे ज्या साली आपल्याकडे बारा तासांचा कायदा झाला त्याच साली. मुंबईच्या मालकांना जुने माग आणि जुने धोटे पुरत होते, कारण मजुरी स्वस्त होती. आणि साचेवाल्यांना धोटा बदलून घ्यावासा वाटला नाही, स्वतःच्या छातीसाठीसुद्धा.

१९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न उभा केला: तुमच्या मागण्यांच्या यादीत दलित कामगाराला साचाखातं खुलं करण्याची मागणी आहे का? मालकाकडे न्याय मागणाऱ्यांना तो प्रश्न फार जड गेला. त्यानंतरही साचाखात्याचा दरवाजा लगेच उघडला नाही. त्याला आणखी वर्षं गेली.

आज इथे साचाखात्यात आणि त्रासनखात्यात उमेदीची वर्षं काढलेली काही मंडळी बसली आहेत, काही जणांचे वडील आणि आज्या तिथे होत्या. धोट्याबद्दल मी कागदपत्रं वाचून बोललो. तुमच्या खात्यात पाण्याचं मडकं एक होतं की दोन, डबे कुणी कुणाबरोबर उघडले, हे तुम्हाला माहीत आहे. प्रश्नोत्तरांऐवजी राहिलेला वेळ आपण त्यालाच देऊ. माइक मागच्या रांगेपासून फिरवा.